पंधरा दिवसांसाठी घेतलेला अडॅप्टर

मी अडॅप्टर बोलतोय. थांबा, मोबाइलचा चार्जर नव्हे. ही चूक सगळेच करतात आणि ती सुधारायचाही मला आता कंटाळा आलाय. मी तो पांढरा, मुठीत मावणारा ठोकळा. माझ्या तोंडाला आपल्याकडच्या गोल पिनांसाठी भोकं आहेत आणि पाठीला परदेशातल्या चपट्या पिना. इकडचा प्लग माझ्यात खुपसायचा, मला तिकडच्या भिंतीत खुपसायचं, झालं काम. एवढंच माझं शिक्षण. उलटं काम मला जमत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका.

माझा जन्म साच्यातला. बाहेर पडल्या पडल्या पोटावर शिक्का बसला: ‘फक्त प्रवासात वापरण्यासाठी. कायम जोडून ठेवू नये.’ चांगलं ठसठशीत छापलंय, हात लावला तरी कळतं. पण माणसं वाचतात कुठं? माणसं पाकीट फाडतात, टाकून देतात आणि मग आपल्या मनाला येईल ते करतात.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मी एका खिळ्याला लटकलो होतो. एक दिवस मायलेकी आल्या. लेक परदेशी निघालेली, तिशीच्या जवळपासची, चेहऱ्यावर घाई. आईच्या हातात पिशवी आणि तोंडात सूचना. दुकानदारानं विचारलं, किती दिवसांसाठी हवाय? लेक म्हणाली, पंधरा दिवस, फार फार तर. तिकडे गेल्यावर मी सगळं तिकडचंच घेणार आहे. मी ऐकलं आणि खूश झालो. पंधरा दिवस फिरून यायचं, मग खणात आराम. आणखी काय हवं असतं?

तर मंडळी, ते पंधरा दिवस चार वर्षं चालले.

आता तिच्याबद्दल सांगतो. ती दातांचं काम करते. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतो आणि माप घेतो, ते माप लॅबमध्ये येतं आणि तिथं ही बसून कवळ्या करते. प्लॅस्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी हिरडी घडवायची आणि शेवटी घासून घासून अशी गुळगुळीत करायची की जिभेला टोचता कामा नये. त्यासाठी तिच्याकडे एक छोटी मोटर. पेनासारखी धरायची, टोकाला बारीक कानस फिरते. ती मोटर तिनं घरूनच नेली होती. तिकडच्या लॅबमध्ये चांगल्या नव्या मोटरी होत्या, पण हिच्या हाताला हीच बसलेली. आणि मोटर घरची म्हटल्यावर प्लग गोल. म्हणजे घ्या मला कामाला.

लॅब एका साध्या रस्त्यावर, तळमजल्यावर. मालक म्हातारे, एकटे, आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घडवून स्वतःचे बरेचसे घालवून बसलेले. लॅबच्या मागे एक खोली होती, ती त्यांनी हिला राहायला दिली. त्यामुळे माझे हाल दुहेरी. दिवसभर कामाच्या बाकापाशी मोटरला जोडलेला, संध्याकाळी मला उपटायचं आणि खोलीत न्यायचं. तिथं इस्त्री, पाण्याची किटली, केस वाळवायचं यंत्र, सगळं घरून आणलेलं, सगळं गोल पिनांचं. मी एकटा आणि रांग ही एवढी. इस्त्रीच्या वेळी तर माझ्या अंगाला चटका बसायचा, वास यायचा. ती नाक मुरडून म्हणायची, कसला वास येतोय गं बाई? अगं, माझा येतोय!

दुसरा अडॅप्टर घ्यायचा, नाहीतर सरळ तिकडची इस्त्री घ्यायची, इतकं सोपं होतं. पण नाही. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. व्हिसाचं एकदा नक्की होऊ दे, मग बघू.

ती आधी शिकायला म्हणून गेली होती. एका वर्षाचा कोर्स, विद्यार्थ्याचा व्हिसा, आणि सराव मालकांच्याच लॅबमध्ये. तो संपला तेव्हा मालकांनी नोकरी दिली, मग नोकरीचा व्हिसा. तोही कसा, तर मालकांच्या नावाला शिवलेला. ही लॅब सोडली की व्हिसा सुटला. दरवर्षी मुदतवाढ, दरवर्षी तेच कागद, दरवर्षी तोच फोटो. अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज बाद, आणि एक ना एक अर्ज कायम चालूच, म्हणून बाई घरी जाऊ शकत नव्हती. मामेभावाचं लग्न तिनं फोनवर पाहिलं. फोन माझ्यातूनच चार्ज होत होता, म्हणून मीही पाहिलं. जेवणाच्या पंगतीपाशी तिनं फोन पालथा घातला.

आणि मग एका दिवशी मालकांनी मेणाचा चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की डोळे गेले, आता पुढच्या उन्हाळ्यात लॅब बंद करणार. हिच्या हातातली मोटर नुसतीच फिरत राहिली. लॅब बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे व्हिसा बंद, म्हणजे चंबूगबाळं आवरा आणि चालू पडा.

इथं आमच्या गोष्टीत व्हिसाशास्त्री येतात. हे नाव मी ठेवलेलं. वरच्या मजल्यावर राहणारे, आपल्याच भाषेचे काका, सामान पोचवायची गाडी चालवायचे. परदेशात राहण्याचे जितके म्हणून मार्ग आहेत ते सगळे त्यांना तोंडपाठ, आणि स्वतः मात्र दरवर्षी मुदतवाढीच्या रांगेत. संध्याकाळी खाली यायचे, हिच्याकडचा चहा प्यायचे आणि मार्ग सांगायचे. मला वाटायचं, ह्यांच्या जिभेला कोणी तरी खटका लावा आणि तो बंद करा.

पुन्हा विद्यार्थी हो, म्हणाले. चांगलं झालं, म्हणजे जे काम ती रोज करते तेच परत वर्गात बसून शिकायचं. मग नोकरी शोधण्याचा व्हिसा. तो घेतला की देशात राहून नोकरी शोधता येते, मात्र तोवर नोकरी करता येत नाही. मग ती खाणार काय, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. तरुणांसाठी एक असतो, फिरा आणि फिरता फिरता काम करा असा. त्याचं वय हिच्या हातून गेल्याच वर्षी निसटलं. दुसऱ्या लॅबनं बोलावलं तर चालतं, पण आधी त्या लॅबनं सिद्ध करायचं की आख्ख्या देशात कवळ्या करणारा माणूस मिळत नाही. हिनं तीन लॅबना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी कामाचा परवाना दाखवा, मग नोकरी देतो. परवान्याच्या कचेरीत म्हणाले, आधी नोकरी दाखवा, मग परवाना देतो. मला विचाराल तर दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावावी.

राहता राहिला लग्नाचा मार्ग. तो सुचवायला शास्त्रीबोवांची गरज नव्हती. घरून मावशीचा फोन दर रविवारी येतच होता. मावशीला व्हिसाचं काही कळत नव्हतं, पण तिथला एखादा कायमचा मुलगा पाहावा असं तिचं ठाम मत होतं. कायमचा मुलगा! जणू मुलं पंधरा दिवसांचीही मिळतात.

ती सगळं ऐकून घ्यायची. चिडायची नाही, हेच मला सहन व्हायचं नाही. आणि मग खोलीत येऊन जमिनीवरच्या गादीवर पडायची. जमिनीवर का, तेही ऐका. पलंग होता. सवलतीत मिळाला म्हणून तिनं घेतला होता, पण खोक्यात होता. भिंतीला टेकवून ठेवलेला, पट्ट्यासुद्धा न काढलेला. उघडला आणि परत जावं लागलं तर? उघडलेलं कोण विकत घेतं? पडदे पाकिटात. दिवा खोक्यात. दोन खुर्च्या थर्माकोलसकट. ती त्या पलंगाच्या खोक्याशेजारी जमिनीवर झोपायची आणि सकाळी पाठ धरून उठायची. असली माणसं मी पाहिली नाहीत.

शेवटी मार्ग निघाला तो मालकांच्याच तोंडून. एका दुपारी एक कवळी उजेडात धरून, डोळे बारीक करून ते म्हणाले, “मला काही दिसत नाही यात. पण हात लावला की कळतं, तू केलेली आहे. तूच घे ना ही लॅब.”

तिनं मोटर बंद केली. मग म्हणाली, “मालक, माझाच पत्ता नाही, मी लॅब कुठं घेऊ?”

पण संध्याकाळी हे ऐकून शास्त्रीबोवांनी टुणकन उडी मारली. स्वतःच्या धंद्याचा व्हिसा! हा कसा विसरलो मी? यात कुणाची नोकरी लागत नाही. तुमचं काम आहे, गिऱ्हाईक आहे, जागा आहे आणि तुम्ही इथं पाय रोवून राहणार आहात, एवढं दाखवायचं. डॉक्टरांनी चिठ्ठ्या दिल्या, मालकांनी सह्या केल्या, अर्ज गेला. आणि निरोप आला की जागा बघायला तपासनीस येतील, अमुक दिवशी, सकाळी.

आता खरी गंमत बघा. गंमत कसली, माझ्या डोक्याला अजून ताप आहे त्याचा.

आपल्याकडे घरी कोणी यायचं म्हटलं की काय करतात? पसारा लपवतात. शास्त्रीबोवांनी बजावलं, सरकारी माणूस आहे, पसारा दिसता कामा नये. झालं. दोघांनी कंबर कसली. गादी गुंडाळून कपाटामागे. कपडे बॅगांत, बॅगा दाराशी एकीवर एक. भांडी धुऊन, पुसून, खोक्यात. दोरीवरचा टॉवेलसुद्धा काढला. बाकावरचे साचे उचलून आत ठेवले, मेणाचा एक ठिपका उरला नाही. खोली अशी लख्ख केली की कोणी कधी तिथं राहिलंच नसावं. आणि त्या लख्ख, मोकळ्या भिंतीवर एकच वस्तू राहिली. मी. मला काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

तपासनीस बाई आल्या. बोलायला चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. त्यांनी कपाट उघडलं, रिकामं. दाराशी बॅगा पाहिल्या. भिंतीशी खोकी पाहिली. झोपता कुठं, असं विचारलं. हिनं खोक्याकडे बोट दाखवलं. बाईंनी खोक्याच्या न काढलेल्या पट्ट्या पाहिल्या. मग वाकल्या आणि थेट माझ्याकडे पाहू लागल्या. इतक्या वर्षांत माझ्या पोटावरचं कोणी वाचलं असेल तर ते त्यांनी.

“हा किती दिवस आहे इथं?”

“मी आल्यापासून.”

“चार वर्षं?” बाई सरळ उभ्या राहिल्या. “तुम्ही म्हणता धंदा उभा करायचाय. पण ही खोली तर आज संध्याकाळी निघणाऱ्या माणसाची दिसते. तुम्ही इथंच राहणार, असं मी काय म्हणून लिहू?”

राहायला मिळावं म्हणून आवरलं होतं हो, असं मलाच ओरडून सांगावंसं वाटलं. पण आमच्यासारख्यांचं कोण ऐकतं? बाई म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत निर्णय देते, त्याआधी एकदा येऊन जाईन, न सांगता. आणि गेल्या. शास्त्रीबोवा तोवर जिन्यात उभे होते, ते तसेच वर निघून गेले.

मी चार वर्षं अंग भाजून घेतलं, इस्त्री सोसली, आणि शेवटी तिच्याविरुद्धचा पुरावा झालो तो मीच. काय म्हणावं याला?

तिनं आईला फोन लावला. आधी रडली, मग सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं, मग उघड ना ती खोकी. किती दिवस पाहुण्यासारखी राहणारेस?”

“उघडली आणि नकार आला तर?”

“तर उघडलेली तिथंच टाकून ये. चार रात्री पलंगावर झोपलेली तरी असशील.”

तिनं डोळे पुसले, बाकावरची कातर घेतली आणि पलंगाच्या खोक्याच्या पट्ट्या कचाकच कापल्या. आवाज ऐकून शास्त्रीबोवा खाली आले. पलंग जोडला, एक स्क्रू उरला. तो कुठला, यावर दोघांचं भांडण झालं. पडदे लागले, एक बाजू जरा खाली. खुर्च्या निघाल्या. मालकांनी आपल्या नावाची पाटी उतरवली आणि तिच्या नावाची ठोकायला हातोडी तिच्या हातात दिली. आणि मग ती कातर घेऊन माझ्याकडे वळली.

मोटरची वायर तिनं हातात घेतली. गोल प्लग माझ्यातून उपसला, क्षणभर बघत राहिली आणि कच्चकन कापला. तांबं सोललं, तिकडचा चपटा प्लग बसवला, स्क्रू पिळले, आणि मोटर सरळ भिंतीत लावली. चालली. माझ्याशिवाय चालली. चार वर्षं मी सुटकेची वाट बघत होतो, आणि सुटका झाली तेव्हा मला वाईट वाटलं. माणसांत राहून मीही बिघडलो असणार. इस्त्री, किटली, सगळ्यांचे प्लग तसेच बदलले आणि मला खणात टाकलं गेलं, उरलेल्या स्क्रूच्या शेजारी.

म्हणून बाई दुसऱ्यांदा आल्या ते मी फक्त ऐकलं. त्या दिवशी एक म्हातारी गिऱ्हाईक लॅबमध्ये ठिय्या मारून बसली होती. कवळी डाव्या बाजूला टोचते, आणि मला परवा बहिणीकडे जायचंय, आत्ताच्या आत्ता घासून दे, असं तिचं चाललेलं. मोटर घुंई घुंई चालू. मोरीत भांडी तशीच होती, कारण सकाळपासून हिला वेळच मिळाला नव्हता. खुर्च्यांवर साचे वाळत घातलेले. बसायला जागा नाही म्हणून तपासनीस बाई आतल्या पलंगावर बसल्या. पलंग करकरला.

“यावर झोपता वाटतं आता?” त्यांनी विचारलं.

“हो. डावीकडे आवाज करतो,” ही म्हणाली. “एक स्क्रू राहिलाय.” आणि मोटर पुन्हा सुरू झाली.

म्हातारीनं कवळी लावून पाहिली आणि बाईंनाच म्हणाली की हिला कुठं पाठवू नका बरं, माझ्या तोंडाचं माप हिलाच माहीत आहे. बाईंनी काय लिहिलं ते मला खणातून दिसलं नाही. पण व्हिसा आला. कायमचा नाही, दोन वर्षांचा, पुढे वाढवता येईल असा. शास्त्रीबोवांनी लगेच त्यापुढचे मार्ग सांगायला सुरुवात केली. तिनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, काका, आज नको.

व्हिसा आला म्हणजे आता जाऊन परत येता येतं. तिनं पहिलं काम केलं ते घरी यायचं. बॅग भरताना खण उघडला, सवयीनं मला उचललं आणि आत टाकलं. मी म्हणत होतो, नको नेऊस, उपयोग नाही. पण ऐकतंय कोण?

घरी आली. आईला कडकडून भेटली, खाल्लं, झोपली, उठली. फोन संपला होता. तिकडे घेतलेला चार्जर काढला, चपट्या पिनांचा, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेली. तीच भिंत, तेच बटण. लहानपणी स्टुलावर चढून ती ते लावायची, आणि आई ओरडायची. तिनं प्लग लावला. बसेना. उलटा करून पाहिला. बसेना. मग बॅगेतून मला काढलं. माझ्या भोकांत तो जाईना, माझ्या पिना त्या भिंतीत जाईनात. उलटं काम मला जमत नाही, सांगितलं होतं ना? त्या घटकेला मला माझीच लाज वाटली.

ती एका हातात प्लग आणि एका हातात मला घेऊन उभी राहिली. हसली आधी. मग तिथंच ओट्याला टेकून खाली बसली.

“आई, माझ्याच घरात माझा प्लग बसत नाही.”

आई तिच्याशेजारी बसली. तिच्या हातातून मला घेतलं, पदरानं पुसलं. माझ्या अंगावरचा इस्त्रीचा पिवळा डाग बोटानं घासून पाहिला, तो गेला नाही.

“नाही बसत तर नाही,” आई म्हणाली. “शेजाऱ्यांचा चार्जर आणते. हा मात्र आता माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे येईन तेव्हा मला लागेल.”

लेक परत गेली. मी आईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, डब्यांच्या कडेला. मला वाटलं होतं, आता तरी शांतता. छे! आता आईचा व्हिसा सुरू झालाय. लेकीला भेटायला जाण्याचा, थोड्या दिवसांचा. शास्त्रीबोवा तिकडून फोनवर मार्ग सांगतात आणि आई इकडे मान हलवते. एकदा फोटो परत आला, कान दिसत नाहीत म्हणून. एकदा कागद परत आले, सही इंचभर बाहेर गेली म्हणून. आणि एकदा तर कचेरीतून विचारलं की तुम्ही परत येणार कशावरून. लेकीनं राहणार हे सिद्ध करायचं आणि आईनं राहणार नाही हे सिद्ध करायचं. एकाच घरातल्या दोन बायकांना हे काम दिलंय. माझ्या पिना वाकायच्या बाकी आहेत.

तिकडे थंडी फार म्हणून आईनं एक स्वेटर आणलाय, जांभळा, उबदार. तो माझ्या शेजारीच आहे, पाकिटात. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. परवा सकाळी गारठा होता. आई हात चोळत ओट्याशी उभी होती. तिनं पाकीट उचललं, वरून हात फिरवला आणि परत ठेवून दिलं. व्हिसा लागू दे, म्हणाली, मग घालीन.

तुमच्यापैकी कोणी तिच्या ओळखीचं असेल तर एवढं सांगा. मला लेकीकडे न्यायचं तर न्या, खरोखरच्या पंधरा दिवसांसाठी न्या, मी कुरकुर करणार नाही. नाही नेलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पण आई, थंडी इथंही आहे हो. तो स्वेटर घाला.